कर्जानं कर्ज फेडायचं? आधी पैसा कुणाच्या खात्यात बसतो ते बघा



कर्ज टेकओव्हरच्या व्हिडिओत मी जाता जाता एक शब्द वापरला होता, एस्क्रो. त्यानंतर चिखलीच्या बॅचमध्ये मसाला युनिट चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, ते एस्क्रो म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काहीतरी असेल. मला एवढंच सांगा, एजंट म्हणतो जुनं कर्ज चौदा टक्क्यांचं आहे, अकरा टक्क्यांत नवीन काढून देतो. घेऊ का?"

ताई, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. नवीन कर्ज काढून जुनं फेडणं हा व्यवहार तुम्ही-आम्हीच करतो असं नाही. महानगरपालिका, अमेरिकेतली शहरं, शाळांची मंडळं सगळे करतात. फरक इतकाच की तिथं पैसा कर्ज काढणाऱ्याच्या हातात सहजासहजी येऊ देत नाहीत. तसं का, ते कळलं की एजंटला काय विचारायचं हे तुमचं तुम्हालाच सुचेल.

आधी एस्क्रो समजून घेऊ. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड असतो. इनामाची रक्कम कुस्तीआधीच पंचांकडे जमा होते. देणारा ती परत मागू शकत नाही आणि पहिलवानाला जिंकल्याशिवाय मिळत नाही. रक्कम दोघांच्याही हाताबाहेर, आणि सोडायची कधी हे आधीच ठरलेलं. एस्क्रो खातं म्हणजे हेच, फक्त पंचाच्या जागी बँक आणि ट्रस्टी असतात. तुम्ही ऑनलाइन विकत असाल तर तुमचा पैसाही या वाटेनं येतो. पेमेंट अ‍ॅग्रिगेटर कंपन्यांनी गिऱ्हाइकाचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवायचे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. "पैसे उद्या जमा होतील" असा मेसेज येतो ना, त्या मधल्या काळात तुमचा पैसा तिथंच बसलेला असतो.

आता मोठं उदाहरण घेऊ. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात महानगरपालिका नाही. खामगाव, मलकापूर, शेगाव, चिखली या आपल्या नगरपरिषदा, त्यांचा रोखेबाजाराशी संबंध नाही. म्हणून पुण्याला जाऊ.

जून २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेनं २०० कोटींचे रोखे काढले. मुदत १० वर्षं, व्याज ७.५९ टक्के. रोखा म्हणजे काय, तर पालिकेनं बाजारातून घेतलेलं कर्ज, आणि त्याची लेखी हमी. हा पैसा चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी होता, आणि २२ जूनला मुंबई शेअर बाजारात त्याची नोंदणी झाली. एकूण २,२६४ कोटी उभे करायचा बेत होता, त्यातला हा पहिला हप्ता.

गुंतवणूकदारानं पुण्याला दहा वर्षांसाठी ७.५९ टक्क्यांनी पैसे का दिले? पुणे मोठं शहर आहे हे एक कारण झालं. पण नगरसेवक बदलतात, आयुक्त बदलतात, निवडणुका येतात, उद्या एखाद्यानं म्हटलं की आधी रस्ते करू, व्याज पुढच्या महिन्यात बघू, तर? ही भीती घालवायला एस्क्रो ठेवला. पालिकेच्या मालमत्ता कराची वसुली, म्हणजे आपण ज्याला घरपट्टी म्हणतो ती, आधी एका एस्क्रो खात्यात जाते. तिथून पहिलं व्याजाच्या खात्यात ठरलेली रक्कम. मग मुद्दल फेडायच्या राखीव खात्यात ठरलेली रक्कम. हे दोन वाफे भरले की उरलेलं पाणी पालिकेला. शेतकऱ्याच्या पोराला पाटाचं पाणी शिकवायला लागत नाही, वरचा वाफा भरल्याशिवाय खाली दारं धरत नाहीत.

२०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख व्याज. पुण्याच्या मालमत्ता कराच्या वसुलीपुढे ही रक्कम लहान आहे. म्हणूनच पतमानांकन संस्थांनी एए प्लस दर्जा दिला. ज्याच्याकडे उत्पन्न जास्त आणि ते उत्पन्न आधी कर्जाकडे वळवायची लेखी सोय, त्याला कर्ज स्वस्त मिळतं. यात जादू काही नाही.

हे पुण्यानं शोधून काढलेलं नाही. १९९८ मध्ये अहमदाबाद महापालिकेनं राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले, तेव्हा काही जकात नाक्यांची वसुली एस्क्रोत बांधली होती. त्यानंतर १९९९ मध्ये नाशिकनं १०० कोटी आणि २००१ मध्ये आपल्या विदर्भातल्या नागपूरनं ५० कोटी असेच बाजारातून उभे केले. पिंपरी-चिंचवडनं २०२३ मध्ये २०० कोटी घेतले. आता तर सेबीचे २०१५ चे नियमच आहेत, रोखे बाजारात नोंदवायचे असतील तर त्या चौकटीत बसावं लागतं.

जकातीवरून एक मुद्दा सुचतो तो सांगून टाकतो. जकात त्या काळी पालिकांची सगळ्यात जोरदार रोकड होती. पुढे ती गेली. महाराष्ट्रात तिच्या जागी एलबीटी आला, तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी २०१५ मध्ये गेला, आणि मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाली. तेव्हा कर्जाला कुठलं उत्पन्न बांधायचं हे ठरवताना आज सगळ्यात जास्त कोणतं येतं एवढंच बघून चालत नाही, दहा वर्षांनी ते असेल का हेही बघावं लागतं. पुण्यानं मालमत्ता कर बांधला, कारण घरं कुठं जात नाहीत. तुमच्या धंद्यात असं घरपट्टीसारखं उत्पन्न कोणतं? लग्नसराईतली ऑर्डर की रोजची काउंटर विक्री? बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट देताना आपण लग्नसराईचा महिना दाखवतो आणि हप्ता मात्र बाराही महिने भरायचा असतो.

पुण्याची आणखी एक गोष्ट. रोख्यांचा पैसा आला, पण योजनेच्या निविदा वादात सापडल्या, रद्द कराव्या लागल्या, पुन्हा काढाव्या लागल्या. तोवर पैसा बँकेत ठेव म्हणून पडून राहिला आणि ७.५९ टक्क्यांचं मीटर चालू राहिलं. पालिका म्हणून ते झेपलं. आपल्यासारख्यानं मशीनची ऑर्डर पक्की व्हायच्या आधी कर्ज उचललं तर झेपत नाही. हा मधल्या काळातला तोटा लक्षात ठेवा, लगेच कामाला येणार आहे.

आता तो टेकओव्हरचा व्यवहार. पालिकेचं जुनं महाग कर्ज नवीन स्वस्त रोखे काढून फेडायचं, असं आपल्याकडे अजून रुळलेलं नाही. अमेरिकेत मात्र ही रोजची गोष्ट आहे. तिथं नव्या रोख्यांना रिफंडिंग बाँड म्हणतात. समजा एका शहरानं पूर्वी ९ टक्क्यांनी १०० कोटी घेतले (सोपं जावं म्हणून रुपयांतच बोलतो). आता बाजारात ७.५ टक्क्यांनी मिळतंय. पण जुन्या रोख्यांच्या अटीत लिहिलंय की पहिली २ वर्षं मुदतीआधी फेडता येणार नाही. मग काय करायचं?

नवीन रोखे आज काढायचे आणि आलेला पैसा शहराच्या तिजोरीत न टाकता थेट एस्क्रोत टाकायचा. हा एस्क्रो किती भरायचा याचा नियम कडक असतो. जुन्या कर्जाचं मुद्दल, फेडायच्या दिवसापर्यंतचं सगळं व्याज आणि मुदतीआधी फेडायचा दंड असेल तर तोही, एवढं सगळं त्या खात्यातून भागलंच पाहिजे. नंतर थोडे टाकू, वसुली आली की भरू, हे चालत नाही. शिवाय स्वतंत्र हिशेबनीस आकडे तपासून लेखी देतो की हो, हा पैसा पुरतो. एस्क्रोतला पैसाही कुठंही गुंतवता येत नाही. तो सहसा सरकारी कागदातच असतो, अमेरिकेच्या खजिन्यानं त्यासाठी १९७२ पासून खास कर्जरोख्यांची वेगळी मालिकाच ठेवली आहे. जोखीम नको हा एक हेतू, आणि करमुक्त दरानं पैसे उचलून ते जास्त व्याजानं लावून मधला नफा कमवायचा खेळ कुणी करू नये हा दुसरा.

आता हिशेब करू. २ वर्षांत जुन्या कर्जाला पहिल्या वर्षी ९ कोटी आणि दुसऱ्या वर्षी ९ अधिक १०० म्हणजे १०९ कोटी लागणार. एस्क्रोतला पैसा सरकारी कागदात ६ टक्के कमावतो असं धरा. तर आज किती टाकावे लागतील? १०० नाही, साडेएकशेपाच कोटी. १०० कोटींचं कर्ज फेडायला १०५.५० कोटींचं कर्ज काढावं लागलं! कारण एस्क्रोतला पैसा ६ टक्के कमावतोय आणि जुन्या कर्जाचं व्याज ९ टक्क्यांनी चाललंय. वरचे साडेपाच कोटी त्या फरकाचे.

जुनं कर्ज फेडायला एकूण १० वर्षं उरली असतील आणि लगेच फेडता आलं असतं, तर वर्षाला दीड कोटी म्हणजे १० वर्षांत १५ कोटी वाचले असते. या एस्क्रोच्या वाटेनं वर्षाला वाचतात साधारण १.०९ कोटी, १० वर्षांत १०.९ कोटी, आणि शेवटी साडेपाच कोटी जादा मुद्दल फेडायचं. हातात उरले ५.४ कोटींच्या आसपास. दर दीड टक्क्यानं उतरला म्हणून १५ कोटी वाचले असं भाषणात सांगायला छान, खात्यात मात्र ५.४. म्हणून तिथल्या सरकारी वित्त अधिकाऱ्यांच्या संघटनेचा एक ठोकताळा आहे. सगळा खर्च वजा करून, आजच्या किमतीत मोजून, जुन्या मुद्दलाच्या निदान ३ ते ५ टक्के बचत होत असेल तरच या भानगडीत पडा. अमेरिकेनं २०१७ च्या कर कायद्यात ९० दिवसांपेक्षा जास्त आधी काढायच्या अशा रोख्यांची करसवलतच काढून घेतली. जुने आणि नवे, एकाच कामाचे दोन करमुक्त रोखे वर्षानुवर्षं सोबत चालायचे आणि सरकारचा कर बुडायचा. आता जुनं कर्ज फेडायच्या ९० दिवसांच्या आत काढलेल्या रोख्यांनाच ती सवलत.

आता ताईंच्या कर्जाकडे येऊ. समजा १० लाख बाकी आहेत, व्याज १४ टक्के, ४ वर्षं उरली. हप्ता येतो २७,३२६ रुपये. नवीन कर्ज ११ टक्के, तेवढीच मुदत, हप्ता २५,८४६. महिन्याला १,४८० वाचले, ४८ महिन्यांत ७१,०४०. एजंट इथपर्यंतच सांगतो.

पुढचं आपण लिहू. नव्या ठिकाणी प्रोसेसिंग फी २ टक्के म्हणजे २०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले २३,६००. जुन्या ठिकाणी मुदतीआधी बंद करायचा आकार ४ टक्के असेल तर ४०,००० आणि जीएसटी धरून ४७,२००. एकूण ७०,८००. बचत ७१,०४०. चार वर्षांच्या धावपळीचे राहिले २४० रुपये. यात स्टॅम्प, व्हॅल्युएशन, वकिलाची फी धरलेलीच नाही. शिवाय खर्च आज रोख करायचा आणि बचत चार वर्षांत तुकड्यातुकड्यानं येणार.

हाच बंद करायचा आकार शून्य असेल तर बचत ४७,४४० होते, मग विचार करण्यासारखं आहे. आणि इथं एक चांगली बातमी आहे. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०२५ मध्ये निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या फ्लोटिंग व्याजदराच्या कर्जांवर, ती व्यक्तींनी किंवा सूक्ष्म आणि लघु उद्योगांनी धंद्यासाठी घेतलेली असतील तर, व्यापारी बँकांना हा आकार लावता येत नाही. पैसा तुम्ही स्वतःचा आणला की दुसऱ्या बँकेचा, याचा संबंध नाही. ग्रामीण बँका आणि स्मॉल फायनान्स बँकांना हे ५० लाखांपर्यंतच्या कर्जांसाठी लागू आहे. पण शब्द नीट वाचा. फ्लोटिंग दर पाहिजे आणि मंजुरीची किंवा नूतनीकरणाची तारीख त्यानंतरची पाहिजे. त्याआधीच्या कर्जाला तुमच्या करारात जे लिहिलंय ते आणि जुने नियम. आणि सगळ्या कर्ज देणाऱ्या संस्था यात येत नाहीत. आपल्या भागात धंद्याचं बरंच कर्ज पतसंस्थांचं असतं, आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. तिथं सही करायच्या आधी हे कलम वाचून घ्या.

एजंटची दुसरी चाल याहून गोड असते. "ताई, हप्ता थेट १९,०३४ वर आणून देतो." कसा? मुदत ४ वर्षांची ६ वर्षं करून. महिन्याला ८,२९२ सुटल्यासारखे वाटतात. पण जुन्या कर्जात तुम्ही अजून एकूण १३,११,६४८ भरणार होतात, आता १३,७०,४४८ भराल. दर ३ टक्क्यांनी खाली आला आणि तुम्ही ५८,८०० रुपये जादा दिले, फी वेगळीच. रोकडीची खरंच ओढाताण असेल, हप्ता चुकायची वेळ आली असेल, तर मुदत वाढवणं चूक नाही. पण त्याला बचत म्हणू नका, ती सवड आहे आणि ५८,८०० ही तिची किंमत आहे.

आता पैसा कुठून कुठं जातो ते. टेकओव्हरमध्ये नवीन बँकेनं रक्कम थेट जुन्या कर्ज खात्यावर पाठवायला पाहिजे, आरटीजीएसनं किंवा जुन्या बँकेच्या नावाच्या डिमांड ड्राफ्टनं. चांगल्या बँका तसंच करतात. पण कुणी म्हणालं की, "तुमच्या करंट खात्यात टाकतो, तुम्हीच भरून टाका," तर तुम्हीच नाही म्हणा. हे मी अविश्वासानं सांगत नाही. १० लाख खात्यात दिसतात, तेवढ्यात दिवाळीचा माल स्वस्तात मिळतोय म्हणून फोन येतो, माणूस म्हणतो पंधरा दिवसांत फिरवून भरतो. असे दोन-दोन हप्ते ओढणारे दुकानदार मी पाहिलेत. जुन्या कर्जावर १४ टक्क्यांनी दिवसाला ३८४ रुपये आणि नव्यावर ११ टक्क्यांनी ३०१ रुपये, दोन्ही मीटर चालू. दिवसाला ६८५. अमेरिकेतल्या शहराच्या हातातसुद्धा हा पैसा देत नाहीत, ते याच कारणानं.

जुन्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्या. त्यात अमुक तारखेपर्यंत एकूण किती भरायचे आणि त्यानंतर रोजचं व्याज किती, हे लिहिलेलं असतं. लोक पासबुकातली बाकी बघून तेवढ्याच रकमेचं नवीन कर्ज मागतात. मग मधल्या १२ दिवसांचे ४,६०३ रुपये कमी पडतात, जुनं खातं बंद होत नाही, थोडीशी बाकी राहते, आणि सिबिलवर एकाऐवजी दोन कर्जं दिसतात. एस्क्रोचा तो कडक नियम आठवा. शेवटच्या दिवसाचं व्याज धरून रक्कम पुरलीच पाहिजे.

वर्गात विचारतात, "मग आम्ही एस्क्रो खातं उघडायचं का?" छोट्या धंद्याला त्याची गरज नाही, त्याची फी परवडत नाही. पण पुण्याचे वाफे घरी करता येतात. मी माझ्या दुकानात तेच करतो. एक वेगळं बचत खातं, त्याचं एटीएम कार्ड नाही, यूपीआय जोडलेलं नाही, हप्ता तिथूनच कापला जातो. २७,३२६ चा हप्ता आणि महिन्यात २६ दिवस दुकान उघडं, तर रोज १,०५१ रुपये. रात्री गल्ला मोजला की पहिलं हे वेगळं. मग मशीन बदलायच्या दुसऱ्या खात्यात जमेल तेवढं, २०० का असेना. माल, भाडं, पोरांचे पगार त्यानंतर. पहिले दोन महिने जड जातं. सोयाबीन विकून गावात पैसा खेळायला लागला की रोजचे १,०५१ दुप्पट करा, कारण पुढे मे-जूनमध्ये सगळ्यांचा पैसा बी-बियाण्यात जातो आणि आपला गल्ला रिकामा असतो. पालिकेला घरपट्टी बाराही महिने सारखी येत नाही, तरी तिला व्याज तारखेवरच द्यावं लागतं. आपलंही तसंच आहे.

ताईंनी दुसऱ्या दिवशी दोन कागद आणले, जुन्या कर्जाचा करार आणि एजंटनं दिलेलं नव्या कर्जाचं कोटेशन. करारात दर फिक्स निघाला, मंजुरी २०२४ ची, बंद करायचा आकार ४ टक्के अधिक जीएसटी. कोटेशनमध्ये मुदत ७२ महिने होती, ती एजंटनं तोंडी सांगितलीच नव्हती. त्यांनी आता जुन्या बँकेलाच अर्ज केलाय, वेळेवर भरलेल्या हप्त्यांचं स्टेटमेंट जोडून, की दर कमी करा नाहीतर मी फोरक्लोजर लेटर मागणार आहे. मॅनेजर साहेबांनी एक टक्का कमी करायची तयारी दाखवलीय, लेखी अजून यायचंय. लेखी आलं की त्याच्यावर दुसरा हिशेब करू. तुमच्याकडेही असे दोन कागद असतील तर पुढच्या बॅचला घेऊन या, कॅल्क्युलेटर माझ्याकडे आहे.